घड्याळ नको, घंटा हलवा

मार्च महिना उजाडला की हिंजवडीतल्या किंवा पवईतल्या आयटी कचेऱ्यांमध्ये न्यूयॉर्कवाल्यांबरोबरची संध्याकाळी सातची मीटिंग सहाला येते आणि नोव्हेंबरात ती पुन्हा सातला जाते. आपल्या घड्याळाला कुणी हात लावलेला नसतो. काटे तिकडे फिरवलेले असतात. या प्रकाराला तिकडे ‘डे-लाइट सेव्हिंग’ म्हणतात, आणि ही कल्पना अधूनमधून आपल्याकडेही डोके वर काढते. कधी भारतीय प्रमाणवेळ अर्धा तास पुढे न्यावी अशी सूचना येते, कधी देशाचे दोन कालविभाग करावेत अशी, आणि दर वेळी वीजबचतीचे आकडे हाताशी असतात. या सूचनांमागचे गृहीत असे की, लोकांचा दिवस सूर्याशी जुळत नसेल तर घड्याळ बदलावे. मला हे गृहीतच पटत नाही. दोन ठिकाणच्या दोन माणसांना एकाच क्षणाबद्दल बोलता यावे, एवढ्यासाठी घड्याळ असते. माणसांनी कधी उठावे, शाळा कधी भरावी, गिरणीचा भोंगा कधी वाजावा हे ठरवणे वेळापत्रकाचे काम आहे. प्रमाणवेळेचा इतिहास पाहिला तर पहिले काम घड्याळाने चोख केले आहे. दुसरे त्याच्यावर लादले गेले तेव्हा मात्र भांडणे झाली, आणि त्यातले एक मोठे भांडण मुंबईत झाले.

रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गावाला स्वतःची वेळ होती आणि त्यात कुणाचे काही बिघडत नव्हते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, त्यामुळे लंडनच्या पश्चिमेला असलेल्या ब्रिस्टलमध्ये बारा वाजायला दहा मिनिटे उशीर होई. घोडागाडीच्या प्रवासात ही दहा मिनिटे कुठल्या कुठे विरून जात. गाड्यांचे वेळापत्रक छापायची वेळ आली तेव्हा ती टोचू लागली, आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या मार्गावर लंडनची वेळ लागू केली. बाकीच्या कंपन्या हळूहळू त्याच वाटेने गेल्या. ब्रिस्टलच्या एक्स्चेंज इमारतीवरच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे बसवण्यात आले, एक गावाचा आणि दुसरा लंडनचा. कायदा मात्र गावाच्या बाजूने होता. १८५८ मध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयात दहाच्या ठोक्याला एक खटला पुकारला गेला. प्रतिवादी हजर नव्हता, म्हणून निकाल त्याच्याविरुद्ध गेला. तो काही मिनिटांतच पोहोचला, गावच्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर. न्यायालयातले घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालत होते. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले आणि तिथे ठरले की, दहा म्हणजे त्या गावाचे दहा; रेल्वेची सोय हा कायदा नव्हे. इंग्लंडमध्ये ग्रिनिचची वेळ कायद्याने लागू व्हायला १८८० साल उजाडले. म्हणजे जवळपास चाळीस वर्षे त्या देशात गाडी पकडायला एक वेळ होती आणि बाकीच्या दिवसाला दुसरी. गोंधळ झाला, पण देश थांबला नाही.

अमेरिकेत तर सरकारचा संबंधही नव्हता. रेल्वे कंपन्यांनी आपसात ठरवून १८ नोव्हेंबर १८८३ या रविवारी देशाचे पट्टे पाडले आणि आपापली घड्याळे जुळवून घेतली. या व्यवस्थेला संसदेने कायद्याचे रूप दिले ते थेट १९१८ मध्ये. १८८४च्या वॉशिंग्टन परिषदेने जगाचे चोवीस कालविभाग केले, असे शाळेपासून आपण ऐकतो. तेही खरे नाही. पंचवीस देशांच्या त्या परिषदेने ग्रिनिचचे रेखावृत्त शून्य मानावे आणि जागतिक दिवस तिथून मोजावा एवढेच सुचवले. आपली वेळ कशी ठेवायची, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न राहिला. फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला आणि १९११ मध्ये नाइलाजाने ग्रिनिचला वळला, तोही कसा, तर फ्रान्सची कायदेशीर वेळ म्हणजे ‘पॅरिसच्या वेळेपेक्षा ९ मिनिटे २१ सेकंद मागची वेळ’ अशी व्याख्या करून. ग्रिनिच हे नाव कायद्यात येऊ दिले नाही. हसू येते खरे; पण वेळ हा निसर्गनियम नसून करार आहे, हे फ्रेंचांना बरोबर कळले होते आणि करारावर सही करताना आपली अक्षरे त्यांनी राखली.

मुंबईला अशी सही करायची संधी कुणी दिली नाही. हिंदुस्थानातल्या रेल्वे आणि तारखात्याने मद्रासची वेळ धरली होती. तिथे वेधशाळा होती आणि मुंबई नि कलकत्ता यांच्या दरम्यानची म्हणून ती वेळ सोयीची होती. मुंबईच्या वेळेपेक्षा ती अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याचे कॉलेज यांच्याच नावाचे) सरकारी कचेऱ्यांना मद्रास वेळ लागू केली. शहर बिथरले. राजाबाई टॉवर तेव्हा नुकताच उभा राहिला होता. त्याच्या घड्याळाने मुंबईचीच वेळ दाखवावी असे विद्यापीठाच्या सिनेटने ठरवले, तेव्हा रात्री घड्याळाची तबकडी उजळण्याचा खर्च द्यायला सरकारने नकार दिला. दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. पुढचा घाव मोठा होता. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सर्वत्र लागू करायचे ठरले. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे शहराला एका रात्रीत ३९ मिनिटे पुढे उडी मारायची होती. बंगालच्या फाळणीला तीन महिनेही झाले नव्हते आणि स्वदेशीचे वारे वाहत होते, त्यामुळे कर्झनशाहीचा आणखी एक हुकूम म्हणूनच या वेळेकडे पाहिले गेले. त्याच जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जेकब ससून गिरणीतल्या हजारो कामगारांनी काम बंद पाडले. घड्याळावर दगड पडले. मुंबई महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकवली, स्वातंत्र्य मिळून आठ वर्षे होईपर्यंत. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली.

मुंबईकरांच्या हट्टाचा गमतीदार किस्सा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. गिरणी कामगाराच्या जागी उभे राहून पाहिले तर गंमत उरत नाही. त्याच्याकडे घड्याळ नव्हते. त्याला माहीत होता तो भोंगा. गिरणी सहाला सुरू होत असेल आणि घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले, तर तोच भोंगा आता सूर्याच्या हिशेबाने पाच एकवीसला वाजणार. गिरण्यांत विजेचे दिवे नुकतेच येऊ लागले होते आणि कामाचा दिवस आधीच लांबला होता. मालकाने भोंगा सहा एकोणचाळीसला वाजवला असता तर भांडण कशाचे उरले असते? प्रमाणवेळ रेल्वेला आणि तारखात्याला हवी होती, ती त्यांना मिळाली असती, आणि कामगाराचा दिवस जिथे होता तिथेच राहिला असता. घड्याळ हलवले आणि वेळापत्रक तसेच ठेवले की, ‘उद्यापासून लवकर उठा’ हा हुकूम कुणीही न उच्चारता लागू होतो. दगड त्या न उच्चारलेल्या हुकमावर पडले होते.

डे-लाइट सेव्हिंगच्या पुरस्कर्त्यांनी हीच युक्ती हेतुपुरस्सर वापरायची ठरवली. श्रेय बेंजामिन फ्रँकलिनला दिले जाते, पण १७८४ चे त्याचे पत्र हा पॅरिसच्या उशिरा उठणाऱ्यांवरचा विनोद होता आणि त्यात घड्याळ बदलण्याचा विषयच नव्हता. खरी सूचना १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने केली. हा वेलिंग्टनच्या टपालखात्यात नोकरी करणारा कीटकसंग्राहक. उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे केले तर कामावरून सुटल्यावर भरपूर उजेड मिळेल असा त्याचा हिशेब. इंग्लंडमध्ये विल्यम विलेट या घरबांधणी व्यावसायिकाने १९०७ मध्ये पत्रक काढले. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे असे एकूण ८० मिनिटे घड्याळ पुढे न्यावे, अशी त्याची योजना होती. संसदेने ती अनेकदा धुडकावली आणि १९१५ मध्ये विलेट वारला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ ला, युद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने काटे पुढे केले आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही तेच केले. शांततेच्या काळात पटवता न आलेली गोष्ट युद्धाने हुकमाने करून दाखवली. ही व्यवस्था शेतकऱ्यांसाठी होती, असा समज आजही घट्ट आहे. अमेरिकेत झाले नेमके उलट. गुरे आणि दव घड्याळ पाहत नाहीत, म्हणून शेतकऱ्यांनीच या व्यवस्थेला विरोध केला आणि अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून संसदेने १९१९ मध्ये ती रद्द केली. दुसऱ्या महायुद्धात ती परतली, आणि त्या वेळी भारतावरही आली: १ सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे होती. मुंबईत जानेवारीतला सूर्य त्या काळात सरकारी वेळेप्रमाणे सव्वाआठला उगवत होता.

शंभर वर्षांच्या या खटाटोपातून वाचले काय? अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने २००६ मध्ये सर्व जिल्ह्यांत ही पद्धत लागू केली, तेव्हा मॅथ्यू कोचेन आणि लॉरा ग्रँट या अर्थतज्ज्ञांना आधीची आणि नंतरची वीजबिले शेजारी ठेवून पाहता आली. घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढला होता. दिव्यांचा खर्च कमी झाला, पण एसी आणि हीटरने तो गिळला. अमेरिकेच्या ऊर्जाखात्याच्या २००८च्या अहवालात बचत दिसते, पण ती डे-लाइट सेव्हिंगचा काळ जितका वाढवला तेवढ्या दिवसांपुरती, दिवसाला जेमतेम अर्धा टक्का. एलईडीच्या जमान्यात दिव्यांच्या खर्चाचा मुद्दा आणखीच दुबळा झाला आहे. किंमत मात्र ठळक दिसते. घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांत सुमारे पाच टक्के वाढ होते, असे स्वीडनच्या नोंदींवरून २००८ मध्ये दिसून आले. १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे निक्सन सरकारने घड्याळ वर्षभर पुढेच ठेवायचा प्रयोग केला. आधी लोकांचा पाठिंबा होता. जानेवारीच्या काळोखात मुले शाळेच्या बसची वाट पाहू लागली तेव्हा तो कोसळला आणि ऑक्टोबरात काटे मागे आले. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये हा खेळ थांबवण्याच्या बाजूने मत दिले, पण कोणती वेळ कायम ठेवायची यावर देशांचे एकमत होईना, म्हणून तो अजून चालू आहे.

लंडनसारख्या शहराची अडचण निदान खरी आहे. तिथे जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरात आठ तासांहून कमी. घड्याळ न बदलल्यास जूनमध्ये चारच्या आधी ऊन पडते आणि लोक झोपलेले असतात. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. सूर्योदय वर्षभरात सहा ते सव्वासात एवढ्यातच हिंडतो. वाचवायला उजेड आहेच कुठे? शिवाय आपण महाराष्ट्रातले लोक बारा महिने घड्याळ पुढे लावूनच जगतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. प्रमाणवेळेचे रेखावृत्त मिर्झापूरजवळून जाते. तिथे सूर्य माथ्यावर येतो त्यानंतर १४ मिनिटांनी नागपुरात, ३५ मिनिटांनी पणजीत आणि ३९ मिनिटांनी मुंबईत. मुंबईतली सकाळी सातची शाळा सूर्याच्या हिशेबाने सहा एकवीसला भरते. जानेवारीत ती सूर्योदयाच्या आधी भरते. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेवर केलेला अभ्यास इथे नेमका लागू पडतो: सूर्यास्त तासभर उशिरा झाला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, कारण ती उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा जागची हलत नाही. पश्चिमेकडच्या मुलांचे शिक्षणही त्यामुळे कमी पडते, असा त्याचा निष्कर्ष आहे. प्रमाणवेळ अर्धा तास पुढे नेण्याची सूचना अमलात आली तर याच मुलांच्या डोळ्यांवरची झोप आणखी अर्धा तास आधी मोडेल.

यावर उपाय आपल्याकडे जुना आहे आणि त्याला कुणी परिषद बोलावली नव्हती. उन्हे तापू लागली की मराठी शाळा ‘सकाळची’ होते. घड्याळ तेच, घंटा वेगळी. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, कारण तिथला उन्हाळा उशिरा हटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असे फर्मान काढले. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना, बसवाल्यांना आणि नोकरदार आई-बापांना ते अडचणीचे वाटले, आणि त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. पण निदान इथे बदल उघड झाला, त्यावर वाद घालता आला, कुठे सवलत मागता आली. घड्याळाच्या काट्याकडे सवलत मागता येत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप विलेटच्या वारसांचा आहे. एकटा माणूस वेळापत्रक बदलू शकत नाही, ते म्हणतात. दुकान लवकर उघडले तर गिऱ्हाईक नसते, कचेरीत लवकर गेले तर साहेब नसतो. सगळ्यांनी एकदम बदलायचे तर घड्याळ हलवणे हाच एक स्वस्त मार्ग. एकट्या माणसापुरते हे बरोबर आहे. पण वेळापत्रके एकटी माणसे ठरवतच नाहीत, संस्था ठरवतात, आणि त्यांना ती बदलता येतात. राज्य सरकारने २०२० मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा एका निर्णयाने लाखो कर्मचाऱ्यांची कचेरी पावणेदहाला सुरू होऊन सव्वासहाला सुटू लागली. बँका, न्यायालये, कारखाने यांना हे जमणार नाही असे म्हणायला कारण नाही. आणि सगळ्यांनी एकदम हलणे हा गुण आहे, हे तरी कुठे सिद्ध झाले आहे? मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी नऊला जी झुंबड उडते, ती सगळे एकाच वेळी हलतात म्हणूनच. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये शहरातल्या कचेऱ्यांना वेळा वेगवेगळ्या ठेवण्याची विनंती केली, ती काही सूर्याची दिशा पाहून नव्हे.

ईशान्य भारताचा प्रश्न मात्र या युक्तिवादाने पूर्ण सुटत नाही, हे मान्य करायला हवे. गुवाहाटीत जूनमध्ये साडेचारच्या सुमारास उजाडते आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास मावळते. आसामचे चहामळे ब्रिटिश काळापासून ‘बागान टाइम’वर, म्हणजे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे चालतात; मजूर उजेडात कामाला लागतो आणि उजेडातच घरी जातो. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये आसाम-बंगाल सीमेजवळून रेघ ओढून पलीकडे एक तास पुढची दुसरी प्रमाणवेळ द्यावी, असा प्रस्ताव मांडला. रेघेवर रेल्वेची मोजकीच स्थानके यावीत, हेही त्यांनी पाहिले होते. केंद्राने सामरिक कारणे सांगून तो बाजूला ठेवला. रेल्वे अपघातांची जी भीती घातली जाते ती मला फुगवलेली वाटते. चार कालविभागांत अमेरिका गाड्या चालवतेच. पण दुसऱ्या घड्याळाच्या आधी करण्यासारखे काही आहे. आसामची शाळा राज्य सरकार सातला भरवू शकते. टपाल कचेरी, रेल्वे आरक्षण, राष्ट्रीयीकृत बँक यांच्या वेळा मात्र बाहेरून ठरतात. केंद्राने आपल्या तिथल्या कचेऱ्या साडेआठला उघडून साडेचारला बंद केल्या तर दुसऱ्या प्रमाणवेळेची मागणी बरीचशी निवळेल. तेवढेही करायला केंद्र तयार नसेल, तर आसामने वेगळे घड्याळ मागणे रास्त ठरेल.

ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळेच्या सक्तीचे नियम मसुदा म्हणून प्रसिद्ध केले. कायदेशीर, प्रशासकीय, व्यापारी सर्व व्यवहारांत हीच वेळ वापरावी, असा त्यांचा रोख आहे. बँकेच्या सर्व्हरसाठी, शेअर बाजारासाठी, वीजजाळ्यासाठी हे योग्यच आहे; तिथे सेकंदाच्या तुकड्यावर पैसे आणि सुरक्षा अवलंबून असते, आणि हे काम घड्याळाचेच. पण मळ्यातला मॅनेजर उद्या सहाच्या भोंग्याला सात म्हणाला तर तो या सक्तीचा भंग होईल का, याचे स्पष्ट उत्तर अंतिम नियमांत असायला हवे. त्यासाठी एक कलम पुरेल: नोंद प्रमाणवेळेत करावी, आणि कामाचे तास ठरवण्याचा अधिकार राज्याकडे, जिल्ह्याकडे आणि जिथे शक्य असेल तिथे कामगारांशी बोलून आस्थापनेकडे राहील.